मुऱ्हा म्हैस तीनदा उलटली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही शिरूर तालुक्यातले. गोठ्यात दोन संकरित गाई, तीन म्हशी. गाई माजावर आल्या की अख्खी वस्ती जागी करतात, त्यांचं काही नाही. प्रश्न एका मुऱ्हा म्हशीचा आहे. दुसरं वेत, सप्टेंबरात व्याली. २ जानेवारी, २३ जानेवारी, १४ फेब्रुवारी असं तीनदा भरवलं (कृत्रिम रेतन केलं) आणि ७ मार्चला परत माज, म्हणजे तिन्ही खेपांना गाभ न धरता उलटली. या खेपेला मुद्दाम भरवली नाही.

माज एकदम मुका. ना रेकते, ना दुसरीवर उडते. आई पहाटे चारला धारेला उठते तेव्हा शेपटीला चिकटलेला सोट (माजाचा चिकट स्राव) दिसतो, तेवढीच खूण. त्या दिवशी दूध लिटरभर कमी. सहाला फोन केला की कृत्रिम रेतनवाले नऊपर्यंत भरवून जातात. पण सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावं म्हणतात ना? मग आमची घाई होते, की माज आदल्या संध्याकाळीच लागलेला असतो आणि आम्हाला उशिरा कळतो?

आणखी एक खटकलं. मागच्या खेपेला त्यांनी द्रव नायट्रोजनमधून काढलेली गोठवलेल्या वीर्याची कांडी पाण्यात न सोडता नुसती तळहातावर चोळली. उणे १९६ अंशातली वस्तू ती! बोलायची हिंमत झाली नाही, आमच्याकडे दुसरं कोणी येत नाही.

आई म्हणते शेजारच्या गावातल्या रेड्याकडे न्या. भाऊ म्हणतो सेक्स सॉर्टेड (मादी वासराचे शुक्रजंतू निवडलेली) कांडी लावा, पारडीच होईल. काय करू?

प्रतिसाद (दौंड): रेडा नको, गर्भपाताचे आजार घेऊन येतो. सेक्स सॉर्टेडने पारडीची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते हे खरं, पण त्या कांडीत शुक्रजंतू कमी, गाभ धरायचं प्रमाणही कमी. उलटणाऱ्या म्हशीवर पैसे कशाला घालवता? पुढचा माज २८ मार्चच्या आसपास. चार दिवस आधीपासून रात्री दहाला बॅटरी घेऊन एक चक्कर मारा. दहाला काही नाही आणि चारला सोट, तर भरवणं दुपारनंतरच. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवायची असते. तुम्हीच कोमट पाण्याचा थर्मास पुढे करा, तोंडाने बोलायलाच नको. पण आधी सांगा, सोट काचेसारखा स्वच्छ होता का?

धागाकर्ता: आईला विचारलं. मागच्या दोन्ही खेपेला जरा दुधाळ होता म्हणे. मला आज सांगतेय!

प्रतिसाद (दौंड): मग गर्भाशयात दाह असणार. भरवायचं राहू द्या, आधी पशुवैद्यकाकडून तपासून घ्या.