प्रतिसाद: स्वतःचं घर असलं तरी कागद घ्याच

"स्वतःच्याच घरात राहायचं, मग इलेक्ट्रिकचं सर्टिफिकेट कशाला?" असं वर विचारलंय. इंग्लंडमध्ये दर 5 वर्षांनी तपासणीची सक्ती खासगी भाड्याच्या घरांना आहे, हे खरं (2020 चा नियम, अहवालाची प्रत भाडेकरूला 28 दिवसांत द्यावी लागते). पण नवीन सर्किट टाकलं किंवा फ्यूजबॉक्स बदलला, तर बिल्डिंग रेग्युलेशन्सचा पार्ट पी (घरातल्या विजेच्या कामाच्या सुरक्षिततेचा भाग) स्वतः राहणाऱ्या मालकालाही लागू होतो. इलेक्ट्रिशियन नोंदणीकृत असेल तर स्थानिक कौन्सिलला काम कळवण्याचं तोच बघतो. आमचं स्वयंपाकघर नवं केलं तेव्हा मी वायरिंगच्या कामाचं सर्टिफिकेट, म्हणजे तो कागद, मागून घेतला नाही. पुढे घर विकताना खरेदीदाराच्या वकिलाने नेमका तोच मागितला. फार धावपळ झाली. शेवटचे पैसे देण्याआधी कागद हातात घ्या. आणि प्लास्टर चढण्यापूर्वी वायरिंगचे फोटो काढून ठेवा, पुढे भिंतीत ड्रिल मारताना लागतात.