जुनी नॅरोबोट घेऊन थेम्समधून लाइमहाउस ते ब्रेंटफर्ड, कुणी केलंय का?

कॅनॉलकाठी:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही. आम्ही दोघं नवरा-बायको गेली चार वर्षं एका मित्राच्या नॅरोबोटीवर (कॅनॉलसाठीची लांब, अरुंद बोट) मदतीला जातो. बोट १९३६ ची, ग्रँड युनियन कॅनॉल कॅरिंग कंपनीसाठी बांधलेली मालवाहू मोटर (म्हणजे इंजिनवाली बोट), लांबी साडेएकाहत्तर फूट, रुंदी सात फूट, आणि मागची छोटी केबिन त्याने अजून तश्शी ठेवलीय, शेगडी, पितळी कड्या, दारावर रंगवलेले गुलाब नि किल्ले, सगळं. यंदा त्याला लंडनची पूर्ण फेरी करायचीय, म्हणजे लिटल व्हेनिसहून रीजंट्स कॅनॉलने लाइमहाउस, तिथून थेम्समधून ब्रेंटफर्ड, मग हॅनवेलची लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारी दारांची कुंडं) चढून बुल्स ब्रिज आणि पॅडिंग्टन आर्म या कॅनॉलच्या फाट्याने परत. पण त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे सुकाणू माझ्या हातात.

कॅनॉलची भीती नाही. रीजंट्सची बाराही लॉक केलीत, इस्लिंग्टनचा ८७८ मीटरचा बोगदा पण दोनदा पार केलाय. भरतीच्या नदीत मात्र मी कधीच नव्हतो, आणि मागे जिथे उभं राहून सुकाणू धरायचं ती जागा पाण्यापासून जेमतेम वीतभर वर आहे. बायको म्हणते आधी विचारून घे, मग हो म्हण. तर विचारतोय.

सुकाणू_७१:
तीनदा केलंय, दोनदा तुमच्याच दिशेने. आधी सुट्टी टाकून मग भरतीचं टेबल बघू नका, आधी टेबल बघा आणि त्यावरून सुट्टी टाका. लंडन ब्रिजच्या पूर्ण भरतीच्या साधारण तीन तास आधी लाइमहाउसच्या लॉकमधून बाहेर पडायचं, म्हणजे चढतं पाणी पाठीशी राहतं आणि बोटीला फार जोर करावा लागत नाही. ब्रेंटफर्डला पूर्ण भरती तासाभराने उशिरा येते, तो तास आपल्या हाताशी राहतो. तिथलं लॉक पूर्ण भरतीच्या आगेमागे दोनेक तासच चालतं, त्यामुळे चुकलात तर नदीतच अडकाल. दोन्ही लॉक कॅनॉल सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे किमान २४ तास आधी बुक करा.

आता सगळ्यात अवघड मिनिट. लाइमहाउसचं दार उघडतं तेव्हा आत पाणी स्थिर असतं आणि बाहेर नदी आडवी वाहत असते, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, बाहेर गेली की पाणी ती उजवीकडे ढकलतं आणि शेपूट अजून लॉकमध्ये असते. एवढ्या लांब बोटीला हे जास्तच जाणवतं. हळू बाहेर पडायची कॅनॉलची सवय इथे सोडा, चांगला जोर देऊन एका दमात बाहेर या, मगच वळा, आणि मग उजवी बाजू धरून चला.

टॉवर ब्रिज ते वेस्टमिन्स्टर प्रवासी बोटींच्या लाटा येतात, भिंतींवर आपटून परत येतात, सगळीकडून एकदम. लाट आडवी घेऊ नका, नाळ थोडी तिच्याकडे वळवा. पुलाखाली कमानीवर तीन लाल गोल उलट्या त्रिकोणात दिसले तर ती कमान बंद. आणि कुठे गवताची पेंढी लटकलेली दिसली तर गंमत समजू नका, तिथली उंची कमी केलीय असा तो जुना नियम आहे, अजून पाळतात, २०२३ मध्ये मिलेनियम ब्रिजच्या कामावेळी पण लटकवली होती.

पटनीनंतर रोइंगवाले भेटतात, त्यांचं तोंड मागे असतं, आवाज नसतो, आणि ते वेगात असतात. तुम्हीच लक्ष ठेवा.

ब्रेंटफर्डला क्यू ब्रिजनंतर उजवीकडे लक्ष ठेवा, कॅनॉलचं तोंड बेटांआड आहे, पटकन निसटतं. सरळ आत घुसायला जाऊ नका. थोडं पुढे जा, बोट पूर्ण फिरवून प्रवाहाकडे तोंड करा आणि मग सावकाश आत घ्या, तेव्हा बोट ऐकते.

डिझेलवाली_ताई:
दादा, वरचं सगळं बरोबर, पण माझा जीव इंजिनात अडकलाय. कॅनॉलवर डिझेलच्या टाकीतला गाळ वर्षानुवर्षं तळाला शांत बसलेला असतो. थेम्सच्या लाटेत तो ढवळून निघतो आणि फिल्टर भरतो. आमच्या बोटीचं इंजिन वॉन्ड्सवर्थच्या अलीकडे असंच घरघरून बंद पडलं होतं, चढतं पाणी आम्हाला नेत होतं आणि समोर पूल. नांगर नाळेवर दोरी बांधून तयार होता म्हणून वाचलो, टाकला, धरला, नवऱ्याने फिल्टर बदलला, पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही.

म्हणून टाकी साफ करून घ्या, नवे फिल्टर लावा, एक जोडी हाताशी ठेवा. आधी एक दिवस कॅनॉलवर तीन तास सलग जोरात चालवून बघा, कारण ही जुनी इंजिनं कॅनॉलवर आरामात चालतात पण नदीवर त्यांना विसावा नसतो. नांगर हवाच, आणि साखळीचं टोक बोटीला पक्कं बांधलेलं आहे ना ते स्वतः बघा, कुणी "बांधलंय" म्हटलं तरी. पुढची दारं, हवेची भोकं बंद करा, वीड हॅचचं (पंख्यात अडकलेलं गवत काढायच्या भोकाचं) झाकण घट्ट आहे का दोनदा तपासा. लाइफजॅकेट सगळ्यांना, केबिनमध्ये बसलेल्या मित्रालाही.

अजून एक, १३.७ मीटर किंवा त्याहून लांब बोटीला भरतीच्या थेम्सवर व्हीएचएफ रेडिओ लागतो, चॅनेल १४ वर लंडन व्हीटीएस (नदीवरचं वाहतूक नियंत्रण) ऐकत राहायचं, आणि बोलणाऱ्याकडे ऑपरेटरचं सर्टिफिकेट हवं. तुमची बोट जवळजवळ २२ मीटर आहे, त्यामुळे सुटका नाही. विमाही भरतीच्या पाण्याला लागू आहे का ते लेखी घ्या.

बटी_आणि_मोटर:
मी थोडं वेगळं लिहितो, कारण बोटीचं साल वाचून राहवलं नाही. या बोटी नदीसाठी नव्हत्याच. जहाजांचा माल लाइमहाउसला, तेव्हाच्या रीजंट्स कॅनॉल डॉकमध्ये, यांच्यात भरायचा, आणि ब्रेंटफर्डला थेम्समधून मोठे सपाट बार्ज माल आणून द्यायचे. नदीचं काम त्यांचं, कॅनॉलचं यांचं. दुसऱ्या महायुद्धात तरुण मुली याच जोड्या चालवायच्या, मोटर पुढे आणि बटी, म्हणजे ओढत न्यायची बिनइंजिनाची बोट, मागे, लंडनहून बर्मिंगहॅमला माल आणि येताना कॉव्हेंट्रीकडचा कोळसा.

याचा तुमच्याशी संबंध असा, की बोट भरलेल्या मालासाठी बनवलेली आहे. रिकामी असली की नाळ वर येते, वारा तिला पानासारखी फिरवतो. तेव्हा भरतीइतकंच वाऱ्याकडे बघा, पश्चिमेचा जोरदार वारा चढत्या पाण्यावर आला की नदी उसळते. मी असतो तर त्या दिवशी गेलोच नसतो.

आणि जाताना रीजंट्स पार्कजवळ मॅकल्सफील्ड ब्रिजखाली क्षणभर हळू करा. १८७४ मध्ये दारूगोळा नेणाऱ्या बोटीचा तिथे स्फोट झाला, पूल उडाला. नवा बांधताना जुनेच लोखंडी खांब वापरले पण फिरवून बसवले, त्यामुळे घोड्यांच्या दोरांनी पडलेल्या खाचा दोन्ही बाजूंना दिसतात.

कॅनॉलकाठी:
काय लिहिलंत हो सगळ्यांनी, मित्राला वाचून दाखवलं. बटी_आणि_मोटर, त्या पुलाखालून कितीदा गेलोय पण खाचा कधी बघितल्या नाहीत. एक शंका राहिली, पहिल्यांदा जाताना उधाण (मोठ्या भरतीचे दिवस) घ्यावं की भांग (लहान भरतीचे)?

सुकाणू_७१:
भांग, विचारच करू नका. उधाणाला लंडन ब्रिजजवळ पाणी साडेसहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि प्रवाह ३-४ नॉट, तेवढ्या वेळात चूक सुधारायला जागा उरत नाही. भांगाला प्रवाह मंद, वेळ थोडा जास्त लागेल, पण हात बसेल. आणि शक्यतो दुसऱ्या बोटीसोबत जा, सेंट पँक्रस क्रूझिंग क्लबवाले नॅरोबोटींचा ताफा नदीवर नेतात, त्यांना विचारून बघा.

डिझेलवाली_ताई:
हो, ताफा असेल तर उत्तमच. तारीख ठरली की इथे लिहा, मी लाइमहाउसच्या लॉकवर दोर धरायला येते.