पटकीचा जंतू मुळात कोणाचा, खाडीचा की आपला?

खाडीकाठचा: आजी चिडली की 'पटकी येवो तुला' म्हणायची. पटकी म्हणजे कॉलरा. परवा नात्यातल्या ग्रुपवर 'जंतू माणसाला मारायला शिकले' असा फॉरवर्ड आला, म्हणून हा धागा. माझं मत, हा जंतू आपल्यासाठी घडलेलाच नाही. त्याचं घर खाडीचं मचूळ पाणी. तिथे तो कोपेपॉड नावाच्या, जेमतेम दिसणाऱ्या जीवांच्या कवचाला चिकटतो आणि ते कवचच खातो. कवचातलं कायटिन लागलं की शेजारच्या जंतूला भोसकतो आणि त्याचा सांडलेला डीएनए आत ओढून घेतो! जुलाबाचं विषही त्याचं स्वतःचं नाही. त्याचा जनुक एका विषाणूनं आणून दिलाय, हे १९९६ मध्ये कळलं. आपण आपले मध्येच सापडलो.

निळी शाई: मध्येच कसले? तो विषाणू जंतूत शिरतो कशाला धरून? ज्या तंतूंच्या जोरावर जंतू आपल्या आतड्यात वस्ती करतो, त्याच तंतूंना. विष नंतर आलं, बिऱ्हाड आधी थाटलेलं होतं. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात सशाच्या आतड्यात दाखवलं, की जंतू बाजूला काढून, तो ज्यात वाढला तो नुसता द्रव घातला तरी आतडं पाण्यानं भरतं. त्या पाण्यावर स्वार होऊनच हा बाहेर पडतो आणि पुढचे काही तास प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूपेक्षा कितीतरी सहज लागतो. याला अपघात म्हणणार?

खाडीकाठचा: तंतूंचं मान्य. पण खाडीतल्या बहुतेक भाऊबंदांकडे हे विष नसतंच, तरी त्यांचं मजेत चाललंय.

निळी शाई: भाऊबंद सोड, साथी कोण पसरवतं ते बघ. हैतीत शतकभर कॉलराची नोंद नव्हती. २०१० मध्ये भूकंपानंतर काही महिन्यांत साथ आली, तेव्हा समुद्राकडे बोट दाखवणारेही होते. जनुकं जुळली ती नेपाळातल्या जंतूशी. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचा मैला आर्टिबोनिट नदीच्या फाट्यात गेला होता.

मीठभाकर: तुमचं चालू द्या. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात जुन्या साडीच्या चार घड्या करून पाणी गाळायला लावलं, तर कॉलरा जवळपास निम्म्यावर आला. आमच्याकडे हंड्याच्या तोंडाला फडकं बांधतात ते कचऱ्यासाठी, पण चाल तीच.

खाडीकाठचा: बघ! फडक्यातून सुटा जंतू आरपार जातो. अडकतो तो कोपेपॉड, आणि त्याच्या पाठीवरचे जंतू. म्हणजे मीच खरा.

निळी शाई: निम्म्यापुरता. उरलेले निम्मे कुठून आले?

मीठभाकर: ते ठरवा सावकाश. आमच्या विहिरीला परवाच्या पुरात गटाराचं पाणी लागलंय. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलंय. फडकं बांधू की उकळू?

निळी शाई: गाळून उकळ. फडकं उन्हात कडक वाळव.

खाडीकाठचा: +१. एवढ्यावर भांडण नाही.