मदत हवी आहे: सिम्युलेशनमधले कण आणि वाटीतला बर्फ, मुलांच्या डोक्यात जोडायचे कसे?

नमस्कार,

मी नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना विज्ञान शिकवते. पदार्थाच्या अवस्था आणि द्रावणं हे दोन भाग सध्या संगणकावरच्या सिम्युलेशनमधून घेते आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पाची सिम्युलेशनं वापरते. ती मोफत आहेत, ब्राउझरमध्ये चालतात आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटही लागत नाही. त्यामुळे तांत्रिक अडचण अशी काही नाही. अडचण समजण्याची आहे.

'पदार्थाच्या अवस्था' हे सिम्युलेशन मुलांना फार आवडतं. खालची उष्णता वाढवली की कण थरथरतात, सुटतात, भांडंभर उधळतात. हे सगळं मुलं अचूक सांगतात. मग समोर बर्फाची वाटी ठेवून विचारलं, "आता आत काय चाललंय?" की उत्तर येतं, "कण वितळताहेत." कोणी म्हणतं, कण फुगले. कणांच्या मधे काय असतं, तर हवा! पडद्यावर मधली जागा रिकामी दिसत असूनही हवा. म्हणजे रंगीत गोळ्यांचा खेळ एकीकडे आणि खरा बर्फ दुसरीकडे, असं झालंय.

उकळण्याच्या बाबतीत मात्र सिम्युलेशनचा खरा उपयोग झाला. उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत हवा असते किंवा पाणी फुटून ऑक्सिजन आणि हायड्रोजन निघतात, असं मुलांना वाटत होतं. सिम्युलेशनमध्ये पाणी निवडून तापवलं, तर रेणू एकमेकांपासून दूर जातात, पण प्रत्येक रेणू अखंडच राहतो: एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. एका मुलीने हे स्वतःहून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे बुडबुड्यात पाणीच आहे!" हे मी फळ्यावर कितीही सांगितलं असतं तरी इतकं पक्कं बसलं नसतं.

द्रावणांच्या सिम्युलेशनमध्येही हा गोंधळ होत नाही. पाण्याची वाफ होऊ दिली की रंग गडद होत जातो, शेवटी तळाशी घन पदार्थ उरतो, आणि बशीत मिठाचं पाणी सुकवलं की तसंच दिसतं. मला वाटतं, तिथे पडद्यावरही डोळ्यांना दिसणारीच गोष्ट असते, म्हणून सोपं जातं. न दिसणाऱ्या कणांकडे उडी मारायची वेळ आली की गाडी अडते.

त्यात प्रमाणाचा प्रश्न आहेच. एक पेला पाण्याची १०० अंश सेल्सिअसला वाफ झाली, तर साधारण १६०० पेले जागा लागते. पडद्यावरच्या छोट्या चौकटीत ते कसं मावणार? मुलांना वायूही दाटीवाटीचाच वाटतो.

ज्यांनी या वयाच्या मुलांना शिकवलंय, त्यांना विचारायचं आहे: आधी प्रत्यक्ष प्रयोग आणि मग सिम्युलेशन, की उलट? माझा कल प्रयोग आधी घेण्याकडे आहे. बर्फ वितळताना बघायचा, "आत काय होत असेल" याचं चित्र प्रत्येकाने वहीत काढायचं, आणि मगच पडद्याकडे वळून आपलं चित्र पडताळायचं. पण चुकीचं चित्र एकदा काढलं की ते मनात घट्ट बसतं का, ही भीती वाटते. कोणी करून पाहिलंय का?

दुसरं, सुरुवातीला मुलांना मोकळं खेळू द्यावं हे मला पटतं, पण नंतर लक्ष कशाकडे वळवायचं? पानभर प्रश्नांची यादी दिली की मुलं फक्त उत्तरं भरतात, बघणं थांबतं. एखादाच चांगला प्रश्न देऊन तास रंगला असेल, तर तो प्रश्न कृपया जसाच्या तसा लिहा.

आणि कणांच्या मधे "काहीच नसतं", हे या वयाला कसं पटवायचं? रासायनिक समीकरणं वगैरे मला आत्ता नकोच आहेत, ती पुढे येतील. तुम्ही वापरलेली कृती साधी असली तरी चालेल, फक्त मुलांनी त्यावर काय उत्तरं दिली तेही सांगा.