मदत हवी आहे: पॉइंट टू टू रायफलचं बेडिंग (स्टॉकमध्ये अ‍ॅक्शनला इपॉक्सीची घट्ट बैठक) करावं की नुसतं लाकूड घासावं?

नमस्कार मंडळी. सोलापूरकर आहे. परवान्याची बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने दांडा मागेपुढे करायची) पॉइंट टू टू आहे, फॅक्टरीतून आली तशीच, लाकडी स्टॉकची, म्हणजे दस्ता लाकडाचा. ५० मीटरवर झोपून मारतो. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमीचं, आणि माझ्या पाच गोळ्या रुपयाएवढ्या जागेतही बसत नाहीत. उन्हाळ्यात बरी चालली होती. पावसाळा लागला तशी गोळी उजवीकडे सरकायला लागली.

काल दहाची नोट बॅरल आणि स्टॉकच्या मधून सरकवून पाहिली. टोकाकडून चार बोटं आत गेली आणि उजव्या अंगाला अडकली. म्हणजे लाकूड फुगून बॅरलला टेकतंय. शिवाय अ‍ॅक्शन (बॅरलमागची गोळी भरायची-उडवायची यंत्रणा) स्टॉकला धरून ठेवणारा पुढचा स्क्रू ढिला केला की टोकाशी बॅरल स्टॉकपासून किंचित उचललेली बोटाला जाणवते. अ‍ॅक्शन नीट बसलेली नाही, ताणाखाली आहे असं मला वाटतं. बॅरल तापण्याचा प्रश्न नाही, पॉइंट टू टूला तेवढी तापतच नाही.

आता सांगा, आधी स्टॉकमधली बॅरलची खाच घासून बॅरल मोकळी करू, की पहिलं इपॉक्सीचं बेडिंग? काही रायफलींना टोकाशी मुद्दाम आधार ठेवलेला असतो, तो काढून बिघडली तर? अ‍ॅक्शन इपॉक्सीत चिकटू नये म्हणून बूटपॉलिश चालतं का?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला लेथवाला मित्र "आण, तासात करून देतो" म्हणतोय. त्याच्या हाती देणार नाही. पुण्याकडचा परवानाधारक गनस्मिथ माहीत असेल तर कळवा.