शब्दचर्चा: फळांच्या पेटीवरच्या त्या कागदाला काय म्हणावं?

पानफूल
एका दिवाळी अंकासाठी इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. विषय आहे कॅलिफोर्नियातल्या जुन्या फळपेट्यांवरची चित्रं. साधारण १८८५ ते १९५५ या काळात तिथले बागायतदार लाकडी पेट्यांत संत्री भरून आगगाडीने न्यूयॉर्क, शिकागोकडे पाठवायचे. पेटीच्या आखूड बाजूच्या फळीवर दहा बाय अकरा इंचांचा रंगीत कागद खळीने चिकटवलेला असायचा. त्यावर मोर, घोडे, बर्फाचे डोंगर, नटलेल्या बायका, काहीही.

मी 'पेटीवरचं लेबल' असं लिहिलं होतं. मुद्रितशोधकांनी सगळीकडे 'फळखोक्यावरील वेष्टनपत्र' करून पाठवलं. सोबत टिपण जोडलं की फळं खोक्यात येतात, पेटीत दागिने ठेवतात. माझं आजोळ रत्नागिरीचं. आमच्याकडे आंब्याची पेटीच यायची. पण आता मला माझ्याच शब्दाबद्दल शंका यायला लागली आहे. खोका की पेटी? आणि लेबल की आणखी काही? हा शब्द लेखात तीसेक वेळा येतो, तो खटकला तर सगळा लेख खटकेल.

हापूसवाली
पेटीच! लाकडी पट्ट्यांची, खिळे ठोकलेली, आत पेंढा घातलेली ती पेटी. आता पुठ्ठा आला तरी आमच्या देवगडात पेटीच म्हणतात. पाच डझनी पेटी, सहा डझनी पेटी. दरवर्षी बातमी येते ती 'हापूसची पहिली पेटी वाशीत' अशी. 'पहिला खोका' असं कोणी छापलेलं मी तरी वाचलेलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही माझ्याकडे आहे. माझे वडील पत्र्यात अक्षरं कापून केलेला साचा फळीवर धरायचे आणि दाढीच्या जुन्या ब्रशने त्यावरून काळा रंग फिरवायचे. दोन अक्षरं, खाली गावाचं नाव. आम्ही मुलं पेट्या ओळीने लावून द्यायचो आणि वडील ओरडायचे, "मार्का मारल्याशिवाय पेटी हलवू नका." मुंबईचा अडत्या आम्हाला आडनावाने ओळखत नव्हता, मार्क्याने ओळखत होता. तुमच्या कॅलिफोर्नियाच्या कागदाला मी मार्काच म्हणेन.

अवग्रह
'वेष्टनपत्र' चूक आहे, पण कारण वेगळं आहे. वेष्टन म्हणजे भोवती गुंडाळलेलं. एका फळीवर डकवलेला कागद वेष्टन होत नाही. उलट संत्र्याभोवती जो पातळ कागद गुंडाळत, तो खरा वेष्टन.

म्हणून लगेच 'लेबल' किंवा 'मार्का' यांना शरण जायचं कारण नाही. 'नामपत्र' किंवा 'खूणचिठ्ठी' घ्या. दिनांक, महापौर हे शब्दही एकेकाळी नवे होते आणि लोकांना विचित्र वाटले होते. ते वापरले म्हणून रुळले. दिवाळी अंकाने नवा शब्द द्यायचा नाही तर कोणी द्यायचा?

टाक-दौत
अवग्रह, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण खूणचिठ्ठी म्हटलं की मला पुस्तकात घालायचा कागद दिसतो.

'छाप' हा जुना, घरचा शब्द सगळे का विसरता? घोडाछाप, हत्तीछाप. छाप म्हणजे छपाईही, शिक्काही, मालाची ओळखही. आणि हा शब्द आपल्या भाषांतून इंग्रजीत गेला. इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' म्हणून कोश आहे, त्यात 'चॉप' पाहा. शिक्का, मग व्यापारी चिन्ह, मग मालाची प्रत, असा त्याचा प्रवास आहे. चीनच्या किनाऱ्यावरचे इंग्रज व्यापारी उत्तम मालाला 'फर्स्ट चॉप' म्हणायचे. म्हणजे चिन्ह आणि प्रत या दोन गोष्टी एका शब्दात आधीच बांधलेल्या आहेत, आणि पानफूल यांना नेमकं तेच हवं आहे.

आणखी एक. मँचेस्टरहून आपल्याकडे येणाऱ्या कापडाच्या ठाणांवर अशीच देखणी चित्रं चिकटवलेली असत: देवदेवता, हत्ती, राजेरजवाडे. तिकडचे व्यापारी त्यांना 'तिकीट' म्हणत. काम तेच, वाचता न येणाऱ्यालाही माल ओळखता यावा.

निफाडी
मी द्राक्षवाला, टोमॅटोही करतो. आमच्याकडे इंग्रजी क्रेटचं केव्हाच कॅरेट झालं आहे. बाजारभाव कॅरेटवर निघतो, ट्रकमध्ये किती कॅरेट बसले ते विचारतात. हा शब्द कुठल्याही कोशकाराने दिला नाही, मार्केट यार्डात तयार झाला. मग 'कॅरेटवरचं लेबल' का नको?

अवग्रह
कारण कॅरेट म्हणजे सोन्याची शुद्धता. एका अपभ्रंशाने दुसऱ्या शब्दाची जागा खाल्ली तर वाचकाने काय समजायचं?

निफाडी
यार्डात उभं राहून कोणाचाही गोंधळ होत नाही साहेब. सोनाराकडे सोन्याचं, अडत्याकडे टोमॅटोचं. शेतकऱ्याच्या तोंडातला शब्द अपभ्रंश आणि तुमच्या टेबलावरचा शब्द मराठी, हे मला पटत नाही.

हापूसवाली
निफाडी दादा, शब्दाबद्दल तुमच्या बाजूने आहे. पण तुमचं कॅरेट प्लॅस्टिकचं, रिकामं होऊन परत येणारं. ही लाकडी पेटी एकदा गेली की गेली. तिच्यावर कागद चिकटवायचा तो ती परत येणार नाही म्हणूनच.

रिव्हरसाइडकर
मी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला बावीस वर्षं राहतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. इथे मॅग्नोलिया आणि आर्लिंग्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर कुंपणात जपलेलं एक झाड आहे. १८७३ मध्ये एलायझा टिबेट्स यांना वॉशिंग्टनच्या कृषी खात्याकडून ब्राझीलच्या बाहियातल्या नेव्हल जातीची रोपं मिळाली, त्यातलं हे एक. फळ बिनबियांचं, हिवाळ्यात पिकणारं, जाड सालीचं, म्हणून लांबच्या प्रवासात टिकणारं. १८७६ मध्ये लॉस एंजेलिसला रेल्वे जोडली गेली आणि पुढच्याच वर्षी वुल्फस्किल यांच्या बागेतून संत्र्यांनी भरलेला आगगाडीचा अख्खा डबा सेंट लुईसला गेला. माल देशाच्या दुसऱ्या टोकाला विकायचा आणि विकणारा तिथे हजर नाही, ही अडचण तिथून सुरू झाली. तो कागद या अडचणीवरचं उत्तर होता.

हे चित्र संत्रं खाणाऱ्यासाठी नव्हतंच, आणि इथेच अनुवाद घसरण्याची भीती आहे. घरची बाई वाण्याकडून डझनाच्या हिशेबाने फळं घ्यायची, पेटीशी तिचा फारसा संबंध नव्हता. चित्र होतं पूर्वेकडच्या लिलावातल्या घाऊक खरेदीदारासाठी. शेकडो पेट्या रचलेल्या, वेळ थोडा. निळ्या रंगावरचा मोर लांबून दिसला की त्याला कळायचं, हा गेल्या आठवड्यातला चांगला माल. एकच पॅकिंग हाउस पहिल्या प्रतीला एक चित्र लावायचं आणि दुसऱ्या प्रतीला दुसरं. वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदवाल्यांनी तर रंगच वाटून घेतले होते: सर्वांत वरच्या प्रतीला निळी पार्श्वभूमी, तिच्या खालच्या प्रतीला लाल. म्हणजे वाचायचीही गरज नाही.

पुढे १८९३ मध्ये बागायतदारांनी संघ काढला, १९०८ मध्ये त्याचं 'सनकिस्ट' हे नाव जाहिरातींतून घरोघर गेलं आणि १९२६ पासून ते थेट सालीवर छापायला लागले. तिथे खाणाऱ्याला नाव थेट फळावरच दिसायला लागलं. पेटीवरची चित्रंही त्या सुमारास बदलली. आधी बाग, डोंगर, फुलं असं निवांत निसर्गचित्र असायचं, नंतर मोठी ठसठशीत अक्षरं आणि मोजके रंग आले.

म्हणून 'लेबल' मला अपुरं वाटतं. लेबल माहिती देतं, हा कागद शब्द देत होता. माझं मत मार्क्याला.

एक दुरुस्ती मात्र करा. ती संत्री नव्हेत. नेव्हल ही गोड नारिंगांची जात, आपल्या मोसंबीच्या कुळातली. संत्रं म्हणजे नागपुरी, सैल सालीचं. ते कुळच वेगळं.

मृगबहार
वरुडहून लिहितो. रिव्हरसाइडकरांनी माझ्या मनातलं लिहिलं. आमचं संत्रं अंगठ्याने सोललं जातं, फोडी आपोआप सुटतात. त्या नेव्हलची साल इतकी सैल नसते. दोघांना एकच नाव देणं म्हणजे हापूस आणि पायरीला नुसतं 'आंबा' म्हणून भाव लावण्यासारखं आहे. लेखात 'नारिंग' लिहा. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांहा, मग इंग्रजी ऑरेंज. आपलाच शब्द जग फिरून आलेला आहे.

टाक-दौत
'नारिंग' ऐकून आजच्या वाचकाला फळ आठवणार नाही, रंग आठवेल. आणि शुद्ध वनस्पतिशास्त्र लावायचं तर मोसंबी म्हणा. पण मोसंबी म्हटलं की हिरवट-पिवळं फळ डोळ्यांसमोर येतं आणि चित्रातलं भगवं फळ वाचकाला खोटं वाटेल. शाळेत ओ फॉर ऑरेंजला आपण सगळ्यांनी संत्रंच म्हटलं आहे.

मृगबहार
शाळेने चुकीचं शिकवलं म्हणून दिवाळी अंकानेही तेच करायचं?

बांधावरची
नावांच्या वादात एक गोष्ट राहून जाते आहे. पानफूल ताई, तुम्ही सुरुवातीला लिहिलंत, 'बागायतदार पेट्यांत संत्री भरून पाठवायचे'. भरायचं कोण? बागेत तोडणी करणारे चिनी, मग जपानी, मग मेक्सिकन मजूर होते. पॅकिंग हाउसमध्ये एकेक फळ कागदात गुंडाळून पेटीत रचणाऱ्या बहुतेक बायका होत्या. १९३६ मध्ये ऑरेंज काउंटीत मेक्सिकन तोडणी कामगारांचा मोठा संप झाला. त्याच काळातल्या पेट्यांवर झुलत्या झग्यातल्या स्पॅनिश सुंदऱ्या आणि जुनी मिशन चर्चं रंगवलेली आहेत, शिडीवरचा माणूस क्वचितच. मार्का म्हणा किंवा छाप, तो मालकाचा आहे. अनुवादात 'भरून घ्यायचे' एवढं जरी केलंत तरी वाक्य खरं होईल.

पानफूल
बांधावरची, हे आत्ताच दुरुस्त केलं. मूळ इंग्रजीत कर्मणी प्रयोग होता, तो मीच मराठीत बागायतदारांच्या नावावर करून टाकला होता.

बाकी माझी अडचण वाढली आहे. लेखात एक परिच्छेद आहे: १९५०च्या दशकाच्या मध्यावर पुठ्ठ्याचे छापील बॉक्स आले, चित्रांची गरज संपली आणि पॅकिंग हाउसांत न वापरलेले गठ्ठेच्या गठ्ठे पडून राहिले. आज संग्राहकांकडे जे आहे ते बरंचसं त्यातलं. पेटीवर कधीच न चढलेल्या कोऱ्या कागदाला 'मार्का' म्हणता येईल का? तो तर नुसता कागद आहे. तिथे 'लेबल'च लिहावंसं वाटतं.

टाक-दौत
छान प्रश्न. तिथे छपाईच बोलू दे. ही चित्रं शिळाछापाची आहेत. बव्हेरियाच्या चुनखडीच्या दगडावर उलटं चित्र काढायचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि सावल्या हाताने ठिपके देऊन उठवायच्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या श्मिट कंपनीत हे काम चाललं होतं त्याच काळात, १८९४ मध्ये, रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. तंत्र तेच, दगडही तेच. आपण त्या लक्ष्मी-सरस्वतीला लेबल म्हणत नाही, चित्र किंवा तसबीर म्हणतो. मग गठ्ठ्यातल्या कागदाला 'पेटीचं चित्र' म्हणा, पेटीवर चढलं की 'छाप'.

अवग्रह
एकाच वस्तूला दोन नावं? परिभाषेचा पहिला नियमच मोडलात.

हापूसवाली
पीठ मळलं की कणीक, भाजली की पोळी. वस्तू एकच, नावं दोन. स्वयंपाकघरात कोणाचं अडत नाही.

रिव्हरसाइडकर
संग्राहकांचा विषय निघाला म्हणून सांगतो. सगळ्यात मोठ्या संग्राहकांपैकी एक होते जे लास्ट. १९५७ मध्ये ज्या आठ जणांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू केली त्यांतले एक. सिलिकॉन चिपवर काम केलेल्या माणसाने या कागदांसाठी वर्षानुवर्षं घालवली आणि संग्रह सॅन मरिनोच्या हंटिंग्टन ग्रंथालयाला दिला. चिपवर नक्षी उठवण्याचं तंत्रही लिथोग्राफीच्याच, म्हणजे शिळाछापाच्याच, नावाने ओळखलं जातं. मी स्वतः त्याच क्षेत्रात नोकरी केली, म्हणून हा धागा मला फार जवळचा वाटतो.

निफाडी
'मार्का' पोर्तुगीज का हो? गोव्याकडून आला असेल तर मग मोसंबी मोझांबिकवरून आणि मार्का लिस्बनवरून, एकाच गलबतातले झाले.

टाक-दौत
पोर्तुगीजमध्ये 'मार्का' आहे खरा, पण इंग्रजी 'मार्क'वरूनही सहज होतो. मला छापच बरा.

मृगबहार
गलबतावरून आठवलं. 'संत्रं' हा शब्द पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला असं माझे काका सांगायचे. मला ते कधीच पटलं नाही. आमच्या फळाला तिकडचं नाव कशाला?

अवग्रह
तुमचे काका बरोबर असतील तर गंमत पाहा. सिंत्र्याची फळं गोड नारिंगांच्या कुळातली असणार. म्हणजे 'संत्रं' हे नाव मुळात नेव्हलच्या जातीचं ठरेल आणि नागपुरी फळाला ते नंतर चिकटलं असं म्हणावं लागेल.

मृगबहार
हे मी वरुडात कोणाला सांगणार नाही. पण शोधतो. आजोबांच्या जुन्या हिशेबवह्या माळ्यावर आहेत, त्यांत विक्रीची नोंद 'संत्री' अशी आहे की 'नारिंगं', ते रविवारी काढून बघतो.

पानफूल
अंक सोमवारी छापायला जातो आहे. मृगबहार दादा, रविवारी संध्याकाळपर्यंत सांगाल का?