कवकांचा पेशीमृत्यू: ‘नियमित’ की ‘नियंत्रित’? आणि कॅल्शिअमचा ‘संदेश’ की ‘संकेत’?

भाषांतर करणारे: कवकांच्या, म्हणजे बुरशी आणि यीस्टच्या, पेशीमृत्यूवरच्या लेखाच्या भाषांतरासाठी शब्द हवे आहेत. ‘प्रोग्रॅम्ड सेल डेथ’ला पूर्वनियोजित पेशीमृत्यू म्हणावं की पेशीची आत्महत्या? ‘कॅल्शिअम सिग्नलिंग’ हे संदेशवहन की संकेतन? ‘कॅल्शिअम सिग्नेचर’ला काय म्हणावं? ‘कॅल्शिअमची सही’ कानाला खटकतं.

कवकशास्त्राकडून: ‘आत्महत्या’ नको, त्यात हेतू शिरतो. ‘पूर्वनियोजित’ जपून वापरा. पेशीमृत्यूच्या नामकरण समितीने २०१८ साली केलेला भेद असा आहे: रेणूंच्या ठरावीक यंत्रणेतून घडणारा, म्हणून औषधाने किंवा जनुक बदलून लांबवता येणारा मृत्यू तो ‘रेग्युलेटेड’, त्यातला जो वाढीत किंवा ऊतींच्या रोजच्या देखभालीत घडतो तेवढाच ‘प्रोग्रॅम्ड’. बुरशीनाशकाच्या माऱ्याने पेशी याच यंत्रणेतून मेली तर तिचा मृत्यू नियोजित नसतो. मात्र ‘रेग्युलेटेड’साठी ‘नियमित’ घेऊ नका. मराठीत नियमित म्हणजे ठरल्या वेळी, न चुकता होणारं. ‘नियंत्रित पेशीमृत्यू’ लिहा.

भाषांतर करणारे: ‘अपोप्टोसिस’ (पेशी आक्रसून, तुकडे होऊन मरते तो नियंत्रित प्रकार) तसाच ठेवू का? ‘पेशीगळ’ सुचतंय.

कवकशास्त्राकडून: शब्द देखणा आहे आणि मुळाशी प्रामाणिकही. केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली हा शब्द रूढ केला तो ग्रीकमधल्या पानं-पाकळ्या गळण्यावरूनच. पण कवकाची पेशी भिंतीत बंद असते, ती गळून जात नाही. शिवाय प्राण्यांत अपोप्टोसिस घडवणारी, प्रथिनं कापणारी विकरं म्हणजे कॅस्पेज. कवकांत खरे कॅस्पेज नसतात, त्यांचे दूरचे नातलग मेटाकॅस्पेज असतात. कॅस्पेज प्रथिनाला अस्पार्टेटनंतर कापतात, मेटाकॅस्पेज आर्जिनीन किंवा लायसीननंतर, आणि त्यातल्या अनेकांना काम करायला कॅल्शिअम लागतं. त्यामुळे कवकासाठी सरसकट ‘अपोप्टोसिस’ न लिहिलेलं बरं.

पेशीशास्त्राकडून: ‘सिग्नल’साठी माझं मत ठामपणे ‘संकेत’. संदेशात मजकूर असतो. संकेतात तो नसतो. अर्थ घेणाऱ्याकडे आधीच ठरलेला असतो. कॅल्शिअमचा आयन कुठलाही मजकूर वाहत नाही. पेशीद्रवात त्याचं प्रमाण साधारण १०० नॅनोमोलर, बाहेर बहुधा मिलिमोलरमध्ये, म्हणजे सुमारे दहा हजार पट. यीस्टमध्ये आतला मोठा साठा रिक्तिकेत असतो. पटलातली मार्गिका, म्हणजे आयनांची वाट, क्षणभर उघडली की पेशीद्रवात उसळी येते, आणि कॅल्मोड्युलिन, कॅल्सिन्युरिन ही कॅल्शिअम ओळखणारी प्रथिनं तिचा अर्थ लावतात.

तो अर्थ नेहमी मृत्यूचाच नसतो, म्हणून ‘मृत्यूचा संदेश’ ही रचना मला मुळातच चूक वाटते. यीस्टमधल्या ‘मिड१’ प्रथिनाचं नाव बघा: ‘मेटिंग इंड्यूस्ड डेथ’ची आद्याक्षरं. हे प्रथिन कॅल्शिअम आत येऊ देणाऱ्या मार्गिकेचा भाग आहे. ते नसेल तर संयोगाच्या फेरोमोनमुळे (जोडीदार पेशीने सोडलेल्या रसायनामुळे) पेशी मरते. म्हणजे इथे कॅल्शिअम जगवतं. माणसाला संसर्ग करणाऱ्या कँडिडा अल्बिकन्स या यीस्टचंही तसंच: एकटं अझोल गटातलं बुरशीविरोधी औषध वाढ रोखतं, सोबत कॅल्सिन्युरिनचा रोधक दिला की पेशी मरतात. उलट अमिओडॅरोन या हृदयाच्या औषधाने यीस्टमध्ये कॅल्शिअमचा लोंढा आत येतो आणि तो मारक ठरतो.

भाषांतर करणारे: मग ‘सिग्नेचर’ला ‘ठसा’?

पेशीशास्त्राकडून: ठसा एकदा उमटला की स्थिर. इथे सगळा खेळ वेळेचा आहे: उसळी किती उंच, किती वेगाने चढली, किती वेळ टिकली, किती वेळा आली. ‘चढउताराची धाटणी’ म्हणा.

प्रयोगशाळेकडून: कृतीच्या भागात तीन जागा सांभाळा. ‘चिलेटर’ला ‘शोषक’ लिहू नका. ‘कॅल्शिअम बांधणारं द्रव्य’ लिहा. ते द्रव्य ईजीटीए असेल तर भाषांतरात माध्यमाचा पीएच गाळू नका. त्याची पकड पीएच एक अंकाने उतरला की जवळपास शंभरपट सैल होते, आणि कॅल्शिअम बांधताना ते स्वतःच प्रोटॉन सोडून माध्यम आणखी आम्ल करतं. कवकांची माध्यमं आधीच आम्ल असतात. बॅप्टा या दुसऱ्या बांधणाऱ्या द्रव्यावर पीएचचा असा परिणाम फारच कमी.

दुसरं, अ‍ॅनेक्झिन-व्ही. मरणाऱ्या पेशी रंगवून ओळखायला वापरतात ते हे प्रथिन. त्यासाठी आधी पेशीभित्तिका विकराने काढून, साधारण १.२ मोलर सॉर्बिटॉलमध्ये जीवद्रव्यक (भित्तिका नसलेल्या पेशी) सांभाळावे लागतात. अ‍ॅनेक्झिन मरणाऱ्या पेशीच्या पटलाबाहेर आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरीन या मेदाला चिकटतं ते कॅल्शिअमच्याच आधाराने. द्रावणात सहसा २.५ मिलिमोलर कॅल्शिअम क्लोराइड असतं. नमुन्यात ईजीटीए उरलं, तर मरणाऱ्या पेशीही रंगणार नाहीत आणि ‘कॅल्शिअम काढल्यावर मृत्यू थांबला’ असा खोटा निष्कर्ष निघेल. फॉस्फेटचं द्रावणही नको, कॅल्शिअम साका होऊन बसतं.

तिसरं, ‘इन्फ्लक्स’, म्हणजे कॅल्शिअमचं आत येणं. पटल फाटल्यावर कॅल्शिअम आपोआपच आत भरतं. हा मृत्यूचा परिणाम, त्याला संकेत म्हणू नका. त्याच वेळी प्रोपिडियम आयोडाइड (फाटलेल्या पटलातूनच आत जाणारा रंग) आत शिरत नसेल, म्हणजे पटल शाबूत असेल, तर चढ आला त्याला ‘उसळी’; शिरत असेल तर ‘शिरकाव’. मूळ लेखात दोन्हींना एकच शब्द असला तरी मराठीत वेगळे ठेवा.

भाषांतर करणारे: तर आकृतीखाली ‘नियंत्रित पेशीमृत्यूपूर्वीची कॅल्शिअमची उसळी’ असं लिहितो.

प्रयोगशाळेकडून: आयोडाइडचा आलेख सोबत असेल तरच. नसेल तर ‘वाढ’ एवढंच लिहा.